बरं असतानाचा आकडा

आजारी माणसं शोधावी लागत नाहीत, ती आपणहून येतात. निरोगी माणूस मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं चेन्नईत अशी निरोगी माणसं गोळा करण्यात गेली, आणि मी अनुभवानं सांगते, लग्नं जुळवणं याहून सोपं असावं.

दिवाळी अंकासाठी 'प्रयोगशाळेतला थरार' लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला हसू आलं. थरार इस्पितळात असतो. आमच्याकडे रक्ताच्या नळ्या, शीतपेट्या आणि तेच काम पुन्हा पुन्हा न कंटाळता करायची सवय, एवढंच. तरी एक प्रकरण आहे, जे निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. तेच लिहिते.

मी मूळची मिरजेची. नवरा चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात, म्हणून लग्नानंतर तिथल्या सरकारी वसाहतीत राहायला आले, आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून चिकटले ती केस पांढरे होईपर्यंत. आमचा विषय समजावून सांगायला सोपा आहे, फक्त नावं अवघड आहेत. आपल्या शरीराचं रोगापासून रक्षण करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. कुठं जखम झाली, जंतू शिरला, की रक्तातून निरोपे सुटतात. त्यातल्या एका निरोप्याचं नाव आयएल-सिक्स. कोविडच्या आधी हे नाव आमच्यासारख्या चार लोकांना ठाऊक होतं. कोविडमध्ये ते घराघरांत गेलं, कारण रोगी हाताबाहेर जायला लागला की हा निरोप्या रक्तात भरमसाट वाढायचा आणि डॉक्टर नातेवाइकांना रोज त्याचा आकडा सांगायचे.

पण वाढला म्हणजे कशापेक्षा वाढला? धडधाकट माणसात तो किती असतो? तपासणीच्या साहित्याबरोबर एक पत्रक येतं, त्यात 'इतका असावा' असं छापलेलं असतं. ते कुठल्या तरी दूरच्या देशातल्या लोकांवरून ठरवलेलं. आपल्याकडच्या, इडली खाऊन बस पकडणाऱ्या, डास चावून घेणाऱ्या माणसाचं काय? ते आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी निरोगी लोकांचं रक्त हवं होतं, आणि एकाच माणसाचं पुन्हा पुन्हा हवं होतं.

जाहिरात दिल्यावर जे निरोगी म्हणून आले त्यांच्यावर वेगळा लेख होईल. कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन 'मला कसलाही आजार नाही' असं ठासून सांगत होते आणि खिशात मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड अशा तिन्हींच्या गोळ्या बाळगून होते. गोळ्या घेतो म्हणजे आजार नाहीच, असा त्यांचा हिशोब. आयटीतला एक तरुण व्यायामशाळेतून थेट घामाघूम आला आणि दंड फुगवून म्हणाला, माझ्याइतकं निरोगी रक्त तुम्हाला मिळायचं नाही. त्याचा आयएल-सिक्स चांगलाच वर निघाला, कारण खूप व्यायाम केला की स्नायूच तो सोडतात. दोन दिवस आराम करून ये म्हटलं तर तो रागावला. आराम त्याला आजारपण वाटत होता.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही नावं नोंदवायला बसलो होतो. तिथं रुक्मिणीबाई भेटली. यंत्रांना लागणाऱ्या रबरी चकत्या तपासायचं तिचं काम. रांगेत उभी राहून ती फोनवर बोलत होती, आणि तमिळच्या त्या कलकलाटात मला मराठी ऐकू आलं. मराठीच, पण हेल सगळा तमिळ.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

तिनं फोन बाजूला धरला. "हो अक्का. आमी तंजावरचे. तुमी वरच्या गांवचे काय? आमचं बोलणं ऐकून हसूं नका हां."

मी हसले नाही असं म्हणणं खोटं होईल. पण तीही माझ्या बोलण्याला हसली. माझी मराठी तिला वर्तमानपत्रासारखी वाटत होती. तिच्या घराण्याला तमिळ मुलखात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की तिनं महाराष्ट्र पाहिलाही नव्हता. ती आमच्याच आवडीत, स्टेशनाच्या पलीकडे राहत होती. नवरा सुंदरराव कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. मुलगी प्रिया इंजिनियर झालेली, गाड्यांच्या कारखान्यात नोकरी शोधणारी. रक्त द्यायला तयार का झालीस, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या वेळीं कुणाला कांहीं कळना. आतां तरी कळूं दे की."

तिचं पहिलं रक्त घेतलं आणि काही आठवड्यांत तिनं आपला आकडा मागितला. रक्त देणाऱ्यानं मागितला तर तो द्यायचा, हा आमचा नियमच होता. यंत्रातून कागद निघाला. आकड्यापुढं वर तोंड केलेला एक काळा बाण. पत्रकातल्या मर्यादेच्या कितीतरी वर.

तो कागद तिनं पाहिला आणि ती खुर्चीत बसली. मी समजावत होते, या बाणाचा अर्थ तू आजारी आहेस असा नाही, वगैरे. ती ऐकत नव्हती.

"त्यांचंही हेंच होतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलांतून रोज सकाळीं फोन यायचा. आयएल-सिक्स एवढा, आयएल-सिक्स तेवढा. रोज वरच. मग एक दिवस फोनच आला नाही."

त्यानंतर रुक्मिणीबाईनं घरात आवराआवर सुरू केली. दागिने कुठं आहेत, बँकेची पुस्तकं कुठं आहेत, गॅसचं कार्ड कुणाच्या नावावर आहे, हे ती प्रियाला रोज जेवताना सांगायला लागली. मुलगी हुशार. तिनं दोन दिवसांत कागद शोधून काढला, फोनवर त्या शब्दाचा अर्थ शोधला, आणि फोननं नेहमीप्रमाणं सर्वांत वाईट तेच आधी सांगितलं. प्रियाला तेव्हाच पुण्याच्या एका मोटार कारखान्यात नोकरी लागली होती. तिनं ती नाकारायचं ठरवलं.

"आंटी, अम्माला असं एकटी टाकून मी कशी जाऊ?" ती मला म्हणाली. "अप्पाच्या वेळी पण सगळे म्हणत होते, ओन्नुम इल्ल, काही नाही, काही नाही."

मला राग आला. कुणावर, ते सांगता येत नाही. त्या बाणावर म्हणा. धडधाकट बाई, रोज अंबत्तूरला जाऊन दिवसभर उभ्यानं काम करणारी, आणि एका काळ्या खुणेनं तिनं स्वतःला मेलेल्यांत काढलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती होतीच. आकडा जास्त होता. का जास्त होता हे मला माहीत नव्हतं.

आमचे साहेब डॉक्टर राघवन यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून तिची तपासणी करवली. छाती, दात, लघवी, साखर, हाडांचे सांधे. कुठं काही नाही. शरीरात दाह असेल तर वाढणारा दुसरा एक पदार्थ असतो, तोही अगदी कमी. एकटा आयएल-सिक्स तेवढा वर.

याच सुमारास प्रयोगशाळेत एक वेगळाच घोळ निघाला. सोमवारी घेतलेल्या रक्तांचे आकडे बाकीच्या वारांपेक्षा वर येत होते. एखाददुसऱ्याचे नाहीत, बहुतेकांचे. आम्ही सगळं तपासलं. आमचं मोजायचं तंत्र म्हणजे लहान लहान खळगे असलेली प्लास्टिकची पाटी. खळग्यात रक्ताचं पाणी घालायचं, त्यावर एकेक द्रव घालत जायचं, शेवटी पिवळा रंग येतो. रंग गडद तितका निरोप्या जास्त. पाट्या बदलल्या, द्रव बदलले, शीतपेटीचं तापमान तपासलं, सोमवारी काम करणाऱ्या मुलीचे हात थरथरतात का तेही पाहिलं. ती मुलगी रडकुंडीला आली.

मग एका सोमवारी नवऱ्याला विमानतळावर सोडून मी घरी न जाता सरळ कामावर गेले. सव्वासात वाजले होते. रक्त घ्यायची आमची वेळ आठ ते नऊ. नळ्यांवरच्या चिठ्ठ्याही तीच वेळ छापून आधीच तयार असायच्या. पाहते तर काय, बहुतेक काम उरकलेलं. लोक कोपरात कापूस दाबून कॉफी पीत बसलेले. दोघेजण दारातून अक्षरशः पळत आत येत होते, आणि आमची रक्त घेणारी सिस्टर अमुदा त्यांना "लवकर, लवकर" म्हणून हाकारत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सोमवार ना, मॅडम," अमुदा म्हणाली. "साडेसातला राहुकाळ लागतो. नऊपर्यंत."

तमिळ मुलखात राहुकाळ रोज असतो, दर वारी वेगळ्या वेळी. त्या दीड तासात कुणी नवं काम सुरू करत नाही, गाडी विकत घेत नाही, घराची चावी घेत नाही. सुईपुढं हात तर कोण करणार? आठ वाजता रक्त द्यायला एकही माणूस तयार नव्हता. म्हणून सोमवारी सगळे पहाटे उठून, स्टेशनापासून धावतपळत, साडेसातच्या आत यायचे. आणि हा निरोप्या असा आहे की पहाटे तो जरा वर असतो, सकाळ चढली की उतरतो. त्यात ही धावाधाव. अमुदानं हे आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. पाऊस आला की छत्री उघडतो, हे कुणी साहेबांना कळवतं का?

मी राघवनसाहेबांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. त्यावर रोजचा राहुकाळ छापलेला होता. हे गृहस्थ स्वतः राहुकाळात कागदावर सही करत नाहीत, हे अख्ख्या संस्थेला ठाऊक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ते डोक्याला हात लावून हसले आणि मलाच म्हणाले, "इतकी वर्षं चेन्नईत राहून हे तुम्हाला कसं सुचलं नाही?"

त्या दिवसापासून सोमवारचं रक्त घेणं आम्ही बंद केलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. रुक्मिणीबाईचं पहिलं रक्त सोमवारचं होतं.

मी तिला बोलावलं, सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा रंग आला. "सरि," ती म्हणाली, "मणजे राहूनं केलं अस्कं." अस्कं म्हणजे सगळं. गुरुवारी ये, सावकाश ये, इथं अर्धा तास नुसती बसून राहा, मग घेऊ, असं मी म्हटलं. ती आली, बसली, प्रियाही शेजारी बसली. रक्त घेतलं. ती पाटी मी स्वतः लावली. रंग उमटायला लागला तेव्हा तिच्या खळग्याकडं मी मुद्दाम पाहत नव्हते, शेवटी पाहिलं. आजूबाजूच्या सगळ्या खळग्यांत फिकं लिंबासारखं पाणी, आणि तिच्या खळग्यात हळद.

सोमवारपेक्षा थोडा कमी, पण वरच. पुढच्या महिन्यात घेतलं, तेवढाच. त्याच्या पुढच्या महिन्यात, तेवढाच. मी उगीच सोमवारची आशा दाखवली, असं मला वाटलं. प्रियानं पुण्याला नकार कळवायचं पत्र लिहून ठेवलं होतं, फक्त धाडलं नव्हतं. कारखान्यानं तिला काही महिन्यांची मुदत दिली होती, तीही संपत आली.

पण आकड्यांकडं पाहत बसले असताना माझ्या लक्षात आलं, की तो हलत नाही. रोग असता तर वाढला असता, नाहीतर उतरला असता. हा आपला एका जागी मांडी घालून बसलेला. राघवनसाहेब म्हणाले, "काही घराण्यांत पेशींच्या दारांची घडणच जरा वेगळी असते. निरोप आत नीट शिरत नाही, म्हणून निरोपे बाहेर रक्तात रेंगाळत राहतात. मोजायला गेलं तर पुष्कळ, पण शरीरात गडबड उलट कमी. तिच्या रक्ताचं कुणी आहे का?"

रक्ताचं म्हणजे तिची आई, तुळसाबाई. तंजावरात राहायची, ऐंशीच्या पुढची. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची आरास, मांडायला ती लेकीकडं आवडीला यायची. नातेवाइकांचं रक्त घ्यायची परवानगी आम्हाला होती, पण म्हातारी तयार झाली पाहिजे. मी घरी गेले तेव्हा ती पायऱ्यांवर बाहुल्या मांडत होती, आणि वरच्या पायरीपर्यंत पोचायला स्टुलावर चढताना कुणाचा हात घेत नव्हती.

"माझं रक्त कशाला ग?" ती म्हणाली. "त्यांत काय मिळेल? कापीच मिळेल." कापी म्हणजे कॉफी.

"आजी, तुमच्या लेकीसाठी हवंय."

"तिला काय झालंय?"

रुक्मिणीबाई स्वयंपाकघरात निघून गेली. म्हातारीनं माझ्याकडं, मग नातीकडं पाहिलं, हातातली बाहुली जागेवर ठेवली आणि कोपरापर्यंत बाही वर सारली. "घे," म्हणाली.

तुळसाबाईचा आकडा लेकीपेक्षाही वर निघाला. इतका, की मला पाटी पुन्हा लावावी लागली. पुन्हा तोच. ऐंशीच्या पुढची, दोन वेळा फिल्टर कॉफी पिणारी, जिना चढताना धाप न लागणारी बाई जन्मभर हा बाण रक्तात घेऊन फिरत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. व्यक्ती तितक्या प्रकृती असं आपण म्हणतो, मी मिरजेच्या शाळेत त्यावर निबंधही लिहिला होता. ते खरं असतं हे मला केस पिकल्यावर, एका पिवळ्या खळग्यात दिसलं.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काही लपवलं नाही. म्हटलं, दारांच्या घडणीचा पुरावा आमच्याकडं नाही, ती वेगळी तपासणी असते. पण हा तुझा जन्माचा आकडा दिसतोय, आईकडून आलेला, आणि तू बरी आहेस. प्रियानं मला तीनतीनदा विचारलं, मी तीनतीनदा तेच सांगितलं. मग ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. तुळसाबाई म्हणाली, "एवढं सांगायला माझं रक्त काढलंस? विचारलं असतंस तर मींच सांगिटलं असतं, पोर बरी आहे मणून." रुक्मिणीबाई हसली आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

मी निघाले तेव्हा ती मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते, म्हणून तिचा प्रश्न मला दोनदा ऐकावा लागला.

"अक्का, त्यांचं बरं असतांना किती होतं?"

"कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं. हॉस्पिटलांत मणायचे वाढला, वाढला. मणजे आधीं किती होता?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"कुणाला माहीत असेल?"

"कुणालाच नाही. बरं असताना कुणी मोजत नाही, रुक्मिणी."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की निरोगी माणसाचं रक्त कशाला हवं. संस्थेच्या माहितीपत्रकात त्याचं लांबलचक कारण छापलं होतं, त्यातलं निम्मं मीच लिहिलेलं. या बाईनं ते एका प्रश्नात सांगितलं. मला फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

प्रियाची गाडी सोमवारी दुपारची होती. त्या सोमवारी सकाळी मी कामावर पोचले तर दारात दोघी उभ्या. प्रियाच्या पायाशी बॅगा.

"पोरीचं घेऊन ठेवा," रुक्मिणीबाई म्हणाली. "परगांवीं जाते. उद्यां कांहीं झालं, कुणी मटलं वाढला, तर आधीं किती होता तें कुणाजवळ तरी असूं दे."

घड्याळात आठ वाजायला आले होते. "सोमवारचं आम्ही बंद केलंय. तुझ्यासाठी घेईन, पण आत्ता राहुकाळ आहे," मी म्हटलं. "हवं तर नऊनंतर घेऊ. गाडीला वेळ आहे."

"अस्क्यांचं आठला घेता ना तुमी?"

"हो, आठ ते नऊ."

"मग आठलाच घ्या. आकडा खरा यायला होणा." होणा म्हणजे हवा. तिनं प्रियाला अर्धा तास बाकावर बसवलं, जसं मी तिला बसवलं होतं, आणि स्वतः शेजारी बसली. राहुकाळाच्या ऐन मध्यात प्रियानं हात पुढं केला. अमुदानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कॅलेंडरकडं, आणि सुई घातली.

प्रियाचा आकडा आला तो अगदी चारचौघांसारखा, मधला. मी रुक्मिणीबाईला फोन केला.

"म्हणजे तुझ्यावर गेली नाही ती. आजीवरही नाही."

पलीकडं यंत्रांचे आवाज येत होते. ती कारखान्यात होती.

"मणजे त्यांच्यासारखाच असेल," ती म्हणाली. "त्यांचा बरा असतांनाचा. असाच असेल, नाही का अक्का?"

शास्त्राप्रमाणं असं म्हणता येत नाही. मुलीच्या आकड्यावरून बापाचा आकडा सांगता येत नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे मी नोकरीभर माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवत आले.

"असेल," मी म्हटलं.